संशयाची सुई कुणाकडे?

‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेच्या पहिल्या पर्वातला दुसरा भाग पुन्हा एकदा लावून बघा. या भागात खेळ नाही, ती मोठी बाहुलीही नाही. खेळाडूंनी मतदान करून खेळ थांबवलाय. सगळे आपापल्या घरी परतलेत आणि पुन्हा त्याच कर्जात, त्याच भांडणांत अडकलेत. पहिल्या वेळी हा भाग जरा संथ वाटतो. शेवट माहीत झाल्यावर बघाल तर अंगावर काटा येतो, कारण कोण कसं मरणार हे इथंच सांगून ठेवलंय.

गुंड दोक-सू पाठलाग चुकवायला पुलावरून उडी मारतो; पुढे काचेच्या पुलावरूनच तो खाली जातो. पगार बुडवणाऱ्या मालकाशी झटापट होते तेव्हा अली पैशांचं पाकीट उचलून पळतो. पुढे त्याच्याच गोट्या लबाडीनं लंपास होतात आणि त्यापायी त्याचा जीव जातो. से-ब्योक दलालाच्या गळ्याला सुरी लावते. तिचाही शेवट गळ्यावरच्या वारानं होतो. सांग-वू बाथटबमध्ये जीव द्यायला निघालेला असतो. अखेरीला तो स्वतःच्याच हातानं मरतो.

चार माणसं, चार खुणा, आणि हे सगळं जुळवून काढलं घरी बसून पुन्हा पुन्हा बघणाऱ्या प्रेक्षकांनी. फॅन थिअरी म्हणतात ती ही. कुणी तिला रिकामपणाचे उद्योग म्हणतं. मला ती लक्ष देऊन बघण्याची सगळ्यात सुंदर रीत वाटते, आणि या कामात मराठी माणूस कोरियन माणसाइतकाच तरबेज आहे हे इथं सांगायचंय. ‘स्क्विड गेम’ अजून बघायचा राहिला असेल त्यांनी राग मानू नये, एवढ्या एका मालिकेची गुपितं या लेखात फुटणार आहेत. बाकी कुठल्याही मालिकेतला खुनी मी सांगणार नाही.

मढं दिसलं का मढं?

रहस्यमालिका बघणाऱ्यांचा पहिला नियम जगभर एकच आहे. प्रेत डोळ्यांनी दिसलं नाही तर माणूस मेला असं धरायचं नाही.

‘स्क्विड गेम’मधला म्हातारा, खेळाडू क्रमांक १, गोट्यांच्या खेळात हरतो. कॅमेरा नायक गी-हुनच्या पाठमोऱ्या चालीवर असतो, मागून फक्त गोळीचा आवाज येतो. त्याच रात्री जगभरातल्या संशयी प्रेक्षकांनी ठरवून टाकलं होतं की म्हातारा जिवंत आहे. त्यांच्या हातात आणखी एक धागा होता. चौथ्या भागात रात्रीची मारामारी सुरू होते, म्हातारा उंचावर चढून ‘थांबवा’ म्हणून ओरडतो आणि मारामारी खरंच थांबवली जाते. एरवी माणसं मेली तरी ढिम्म न हलणारे खेळाचे चालक एका म्हाताऱ्याच्या ओरडण्यानं का हलले? ज्याला हा प्रश्न पडला त्याला शेवट पाच भाग आधीच कळला.

तपास करणारा पोलीस जुन-हो गोळी लागून कड्यावरून समुद्रात पडला तेव्हाही तोच नियम लागू झाला. प्रेत कुठाय? नाही ना? मग तो परत येणार. २६ डिसेंबर २०२४ रोजी दुसरं पर्व आलं आणि जुन-हो हजर होता.

या मालिकेत सगळ्यात धीट खूण भिंतीवर होती. झोपायच्या हॉलमध्ये चारी बाजूंनी पलंगांच्या उतरंडी आहेत. माणसं मरत जातात, पलंग कमी होत जातात आणि मागच्या भिंती उघड्या पडतात. त्या भिंतींवर पुढच्या सगळ्या खेळांची चित्रं पहिल्या दिवसापासून काढलेली होती. ४५६ खेळाडूंपैकी एकानंही वळून नीट पाहिलं असतं तर त्याला पुढचा खेळ कळला असता. ४,५६० कोटी वॉनचं बक्षीस डोक्यावर टांगलेलं असताना भिंतीकडे कोण बघतो! लेखक-दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक यांनी ही कथा २००९च्या आसपास लिहिली होती आणि जवळजवळ दहा वर्षं ती कुणी घेतली नाही. त्या हलाखीच्या दिवसांत त्यांनी लॅपटॉपसुद्धा विकला होता. पहिलं पर्व करताना ताणानं सहा दात गेले, हेही त्यांनीच सांगितलंय. इतकी वर्षं मनात घोळलेल्या कथेत भिंतीवरची रेघसुद्धा उगाच आलेली नसते.

गी-हुन हा त्या म्हाताऱ्याचा मुलगा आहे, ही थिअरीसुद्धा खूप गाजली. मला ती कधीच पटली नाही. रक्ताचं नातं निघालं असतं तर दोघांमधली ती गोट्यांची दुपार एकदम स्वस्त झाली असती. तिसरं पर्वही येऊन गेलं, आणि तसलं काही निघालं नाही याचा मला आनंद आहे.

आकेरीचा वाडा

आता कोकणात या. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, नाईकांचं मोठं खटलं, आणि पहिल्याच भागात घरातला कर्ता माणूस, अण्णा, गेलेला. इथं प्रेताबद्दल शंकाच नव्हती. शंका होती ती घरातल्या प्रत्येक जिवंत माणसाबद्दल.

रात्री साडेदहाला मालिका लागायची वाट बघायची आणि सकाळी दूध घालायला जाताना, एसटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये फैसला करायचा, असे ते दिवस होते. कुणाचा दत्तावर डोळा, कुणाचा सरितावर. कुणी म्हणे शहरातून आलेली नीलिमा जास्त शहाणपणा करते, तीच असणार. कुणाला सुषल्याचं वागणं खटकायचं. भूत आहे की माणसाचं कारस्थान, यावरून तर घराघरांत दोन तट पडले होते. आजी भुताच्या बाजूनं, नातू कारस्थानाच्या बाजूनं.

आणि पांडू! ‘इसारलंय’ म्हणत सगळं विसरणारा घरगडी. हा वेड पांघरलेला असणार, याला सगळं ठाऊक आहे, असा संशय ज्यांना ज्यांना आला ते एका अर्थानं शंभर टक्के बरोबर होते. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हे त्या मालिकेचे लेखकही होते. उद्याच्या भागात काय होणार हे ठाऊक असलेला माणूस रोज रात्री पडद्यावर येऊन ‘विसरलो’ म्हणत होता. इतकी झकास गंमत कोरियाच्याही वाट्याला आलेली मला माहीत नाही.

जानेवारी २०१९मध्ये दुसरं पर्व आलं आणि त्यानं गाडी उलटी फिरवली. पहिल्या भागात गेलेले अण्णा आता जिवंत, तरणेताठे, माडाच्या बागांतून हिंडताना दिसू लागले. कथा मागच्या काळात गेली होती. शेवट काय होणार हे प्रेक्षकांना आधीपासून माहीत, तरीही २०२०पर्यंत लोक रोज बसले, कारण आता कोडं होतं ‘कसं’ आणि ‘का’. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता इतकी घराघरांत पोचली की वाईट माणसाच्या वाईटपणाचं कारण शोधायला लोक तास तास बोलत. तिसरं पर्व २०२१मध्ये आलं. आकेरीतला तो वाडा बघायला आजही माणसं वाट वाकडी करून जातात.

असंच कोरियातल्या कुर्योंगपो या बंदराच्या गावाचं झालं. २०१९ची ‘व्हेन द कमेलिया ब्लूम्स’ ही मालिका तिथं चित्रित झाली आणि लोकांची रीघ लागली. दिसायला ती प्रेमकथा. एकटी आई, तिचा लहान मुलगा, गावातलं छोटं हॉटेल आणि तिच्यावर जीव टाकणारा भाबडा हवालदार. पण गावात एकामागून एक खून करणारा माणूस मोकळा फिरतोय, आणि सुरुवातीलाच तळ्याकाठी एक प्रेत सापडतं ज्याच्या हातात नायिकेचं कडं आहे. प्रेमकथा म्हणून बघायला बसलेल्या बायाबापड्या दहाव्या मिनिटाला पोलीस झाल्या.

रात्रीचं दारं आणि कोरियन फौजदार

आता आमच्याकडे या, इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात. बारामतीहून इंदापूरकडे निघालात, अंथुर्णे मागे टाकलंत की शेळगावचा फाटा लागतो. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेनं निमगाव केतकीकडे जाते. आजूबाजूला ऊस, आणि ऊस म्हटलं की पाणी, पाणी म्हटलं की वीज. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी लागली की तरण्या पोरांनी मोबाईल घेऊन दारं धरायला जायचं.

एक सरी भरायला वेळ लागतो. तेवढ्यात बांधावर बसून कोरियन मालिकेचा अर्धा भाग बघून होतो, हिंदी डबिंगमध्ये, एका कानात इअरफोन घालून. दुसरा कान उघडा ठेवायचा, कारण उसात रानडुक्कर असू शकतं आणि पाणी फुटल्याचा आवाजही यायला हवा. सरी भरत आली की मालिका थांबवायची, फोन खिशात, फावड्यानं दारं मोडून पाणी पुढच्या सरीत घालायचं आणि परत बांधावर.

यातली खरी गंमत त्या थांबण्यात आहे. सोफ्यावर पडून सलग सहा भाग संपवणाऱ्याला संशय घ्यायला फुरसतच मिळत नाही, कथा त्याला ओढत नेते. दारं धरणाऱ्याला दर थोड्या वेळानं सक्तीची विश्रांती असते. हातात फावडं, डोक्यात प्रश्न. तो फौजदार मयताच्या घरी गेला तेव्हा दार उघडंच कसं होतं? बाईनं ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं, पण चहा न विचारता बिनसाखरेचा कसा दिला? सकाळी डेअरीवर दुधाचं माप होईपर्यंत हे प्रश्न चर्चेला येतात आणि तिथं त्यांचा निकाल लागतो.

कोरियातसुद्धा थिअरींचं पीक याच कारणानं येतं. तिथल्या टीव्हीवरच्या थरारमालिका बहुतेक १६ भागांच्या, आठवड्यातून लागोपाठ दोन रात्री. मग पाच दिवस थांबायचं. त्या पाच दिवसांत प्रेक्षक एकेक दृश्य पिंजून काढतात. आपली मराठी मालिका आठवड्याला सहा दिवस, त्यामुळे आपल्या थिअरीचं आयुष्य एका दिवसाचं. आज रात्री घेतलेला संशय उद्या रात्री खरा किंवा खोटा ठरतो. सगळे भाग एकाच दिवशी टाकायची नेटफ्लिक्सची पद्धत आली आणि थिअरीच्या मुळावरच घाव बसला, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला वाट बघावी लागत नाही तो अंदाज कशाला बांधेल?

शेळगावातल्या एका आत्याबाईंची खुनी ओळखायची कसोटी सांगण्यासारखी आहे. त्या सुनेबरोबर कोरियन मालिका बघतात. एकट्या राहणाऱ्या पुरुषाचं चकचकीत घर दिसलं की त्या लगेच म्हणतात, “घरात बाईमाणूस न्हाय आन् फरशी एवढी लख? ह्येनंच रगात पुसलंय बघ.” सून म्हणते, “आत्याबाई, तिकडं पुरुष पण फरशी पुसतात.” त्यावर उत्तर, “पुसू दे की. पर रातच्याला का?”

या ‘रातच्याला का’मध्ये सगळी तपासविद्या आली. घडलं त्यापेक्षा कधी घडलं यात खोट असते.

ओळखीचा चेहरा, छोटी भूमिका

नट ओळखून खुनी पकडायची युक्ती तर आपल्याकडे लहान पोरांनाही येते. ‘सीआयडी’नं ती शिकवली. भागाच्या सुरुवातीला एखादा नावाजलेला पाहुणा कलाकार दोन वाक्यं बोलून गेला की समजायचं, याला एवढ्यासाठी नाही बोलावलं. १९९८पासून वीस वर्षं चाललेल्या त्या मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि नट शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मराठीत जमली होती, मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’मध्ये. पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक हेच तिचं नाव. आणि २००४मध्ये ‘सीआयडी’नं एक भाग १११ मिनिटं एकाच सलग शॉटमध्ये घेतला, कुठंही कट नाही. थिअरी लढवणाऱ्यांची पंचाईत, कारण कट नसला की लपवाछपवीलाही जागा नसते.

कोरियन लेखक ही युक्ती ओळखून आहेत. ‘स्ट्रेंजर’मध्ये, म्हणजे २०१७च्या त्या सरकारी वकिलाच्या मालिकेत, इतके तयारीचे नट एकाच वेळी उभे केलेत की चेहऱ्यावरून संशय घ्यायला गेलात तर अख्खं कार्यालयच कोठडीत घालावं लागेल. नायक ह्वांग शी-मोक याच्या मेंदूवर लहानपणी शस्त्रक्रिया झालीय, त्यामुळे त्याला भावना जवळपास उरलेल्याच नाहीत. जो रडत नाही, हसत नाही, त्याच्या चेहऱ्यावरून काय ताडणार? लेखिका ली सू-योन यांची ही पहिलीच मालिका होती, यावर विश्वास बसत नाही.

डॉक्टर फार गोड बोलतो

‘देवमाणूस’ ३१ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली. टाळेबंदीतून लोक नुकते बाहेर पडत होते, आजाराची धास्ती घरोघरी होती आणि पडद्यावर गावाचा लाडका डॉक्टर अजितकुमार देव एकेकाचा काटा काढत होता. २०१६ साली वाई-धोम भागात उघडकीला आलेल्या हत्याकांडाची आठवण साताऱ्यापासून बारामतीपर्यंत ताजी होती, आणि मालिकेची प्रेरणा तीच असल्याचं बोललं जात होतं.

इथं कोडं वेगळं होतं. खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक, गावाला ठाऊक नाही. त्यामुळे थिअरी सगळ्या पकडण्याच्या. कोण त्याला पुरा पडेल? पोलीस अधिकारी दिव्या सिंग की घरातलं बारकं पोरगं टोण्या? आमच्या भागात कौल होता सरू आजीला. दिसतं कमी, पण नाक तिखट. प्रत्येक प्रसंगाला तिच्या तोंडी एक म्हण तयार असायची आणि त्या म्हणींतच पुढच्या घटनेची चाहूल असते, असं मानणारे लोक दुसऱ्या दिवशी त्या म्हणी एकमेकांना म्हणून दाखवायचे. किरण गायकवाडच्या हसण्यातली ती किंचित अधिकची गोडी, समोरचा वळला की पुसली जाणारी, हे अभिनयाचं फार बारीक काम आहे. ज्यांनी ते पकडलं त्यांना पुढच्या बळीचं नाव आधी कळायचं.

‘देवमाणूस’ आवडलेल्या प्रत्येकाला मी कोरियाची ‘बियाँड इव्हिल’ बघायला सांगतो. २०२१ची, १६ भागांची, मान्यांग नावाच्या काल्पनिक गावातली. वीस वर्षांपूर्वी तिथं एक मुलगी नाहीशी झाली आणि ज्याच्यावर सगळ्या गावानं संशय घेतला तो तिचाच भाऊ. आता तो त्याच गावात पोलीस आहे. गावातली मंडळी रोज संध्याकाळी खाटकाच्या दुकानात जमतात, मांस भाजतात, पितात, हसतात. आणि त्याच टेबलाभोवती कुणीतरी खोटं बोलतंय हे आपल्याला कळत असतं. दर दोन भागांनी माझा संशयित बदलत होता. कमाल म्हणजे खुनी निम्म्यावरच सापडतो आणि तरी मालिका सैल पडत नाही, कारण मग प्रश्न येतो तो गप्प राहिलेल्यांचा. त्या वर्षीच्या बेकसांग पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मालिका, सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट पटकथा, तिन्ही तिनंच नेले. गाव म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही मालिका जास्त कळते.

जन्माचं कोडं, नवऱ्याचं कोडं

खुनाशिवायही थिअरी होतात. २००७ ते २००९ या काळात ‘असंभव’नं मराठी घरांना मागच्या जन्माचं कोडं घातलं होतं. सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, नीलम शिर्केची सुलेखा, उमेश कामतचा आदिनाथ. या जन्मी कोण हे दिसतंय, पण मागल्या जन्मी कोण कोण होतं, याच्या वंशावळी लोक वहीच्या मागच्या पानावर काढत.

कोरियात २०१५-१६च्या हिवाळ्यात ‘रिप्लाय १९८८’नं देश दोन तटांत वाटला. प्रश्न एवढाच की या पाच मित्रमैत्रिणींतल्या दोक-सनचा नवरा पुढे कोण होतो? नवरा वर्तमानकाळातल्या दृश्यांत समोर बसलेला, बोलतोय, कुरकुरतोय, पण तो लहानपणीचा कोण हे सांगायचं नाही. त्याच्या बसण्याची ढब, बोलायची तऱ्हा, लोकांनी सगळं सगळं जुळवून बघितलं. शेवटच्या भागानं कोरियन केबल वाहिन्यांचा त्या वेळपर्यंतचा प्रेक्षकसंख्येचा विक्रम मोडला. एकाही खुनाशिवाय!

रात्री ११ वाजून २३ मिनिटं

‘सिग्नल’ ही २०१६ची मालिका. आजच्या एका पोलिसाला जुना, बॅटरी नसलेला वॉकीटॉकी सापडतो आणि रात्री ११.२३ला त्यावर आवाज येतो, कित्येक वर्षांपूर्वीच्या एका पोलिसाचा. दोघं मिळून जुने खून उलगडू लागतात, पण भूतकाळात एक काडी हलवली की वर्तमान बदलतो. शेवट असा मोकळा सोडलाय की त्यावरच्या थिअरी अजून थांबलेल्या नाहीत.

या मालिकेतला एक धागा ह्वासंग भागातल्या खऱ्या हत्याकांडावरून घेतलेला आहे. १९८६ ते १९९१ या काळात तिथं दहा स्त्रियांचे खून झाले आणि खुनी सापडला नाही. बोंग जून-हो यांनी त्यावर २००३मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ काढला. शेवटच्या दृश्यात नट थेट कॅमेऱ्यात बघतो. खुनी कधीतरी थिएटरात येऊन बसेल आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडेल, ही दिग्दर्शकाची कल्पना होती. २०१९मध्ये डीएनएवरून खरा गुन्हेगार कळला. तो दुसऱ्याच खुनासाठी १९९४पासून तुरुंगात होता आणि तो चित्रपट त्यानं तुरुंगातच पाहिला होता. कोर्टात त्यानं सांगितलं की बघून त्याला काहीही वाटलं नाही.

आणि याच प्रकरणात पोलिसांच्या चुकीच्या तर्कापायी एका निरपराध माणसानं जवळजवळ वीस वर्षं तुरुंगात काढली. डिसेंबर २०२०मध्ये तो निर्दोष ठरला. पडद्यावरच्या माणसावर हवा तेवढा संशय घ्यावा, त्याचं काही बिघडत नाही. शेजारच्या घरात काही अघटित घडलं की मात्र हीच जीभ आवरली पाहिजे. ‘स्ट्रेंजर’ची सुरुवातसुद्धा अशाच एका माणसापासून होते, ज्याच्याकडे सगळे पुरावे बोट दाखवत असतात, आणि ते भाग बघताना पोटात कालवाकालव होते.

पेन्सिलीनं लिहिलेला खुनी

स्पॉयलर नावाचा छळ आपल्याकडे फार जुना. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड यांच्यावर दोन-तीन पिढ्या वाढल्या. वाचनालयातून आणलेल्या प्रतीत चौथ्या-पाचव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याच्या नावाला गोल करून ठेवलेला असायचा. कधी तो गोल खोटाही असायचा, आणि मग खरी मजा यायची. कारण आता खुनी शोधायचाच, शिवाय गोल करणाऱ्यानं थाप मारली की नाही तेही शोधायचं!

कोरियात हा उद्योग मोठ्या प्रमाणावर झाला तो ‘स्काय कासल’च्या वेळी. श्रीमंतांच्या वसाहतीतल्या एका शाळकरी मुलीचा गच्चीवरून पडून मृत्यू होतो, ढकललं कुणी यावर देश तर्क लढवत असतो, आणि जानेवारी २०१९मध्ये पुढच्या भागांची संहिताच बाहेर फुटते. वाहिनीला कायदेशीर कारवाईचा इशारा द्यावा लागला.

एके काळी तिथं भाग प्रसारित होत असतानाच पुढचा लिहिला जायचा, सेटवर सकाळी पानं यायची आणि रात्री काम पडद्यावर दिसायचं. म्हणजे प्रेक्षकांची कुजबुज लेखकाच्या कानापर्यंत पोचायला वाव होता. २०१६च्या ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’नंतर आधी सगळं चित्रित करून मगच दाखवायची चाल वाढली. मराठीत मात्र अजून लेखकाच्या हातात मोजके भाग शिल्लक असतात आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाची थिअरी कधी कधी कथेचा रस्ताच वळवू शकते. ‘रुद्रम’सारखी एखादीच मालिका वेगळी निघते. २०१७ची, गिरीश जोशींनी लिहिलेली, मुक्ता बर्वेच्या रागिणीची. आखलेल्या शेवटाकडे सरळ गेली आणि वेळेवर थांबली. ज्यांच्या पाहण्यातून ती सुटली त्यांनी शोधून बघावी.

२ ऑक्टोबर की ३ ऑक्टोबर?

दिग्दर्शक निशिकांत कामत हा ‘डोंबिवली फास्ट’चा मराठी गडी. त्यानं २०१६मध्ये ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ या कोरियन चित्रपटावरून ‘रॉकी हँडसम’ केला, त्यात खलनायकाचं कामही स्वतःच केलं. त्याआधीच्या वर्षी त्यानं मल्याळम ‘दृश्यम’ हिंदीत आणला आणि गोव्याचा विजय साळगावकर घराघरांत नेला. मे २०२३मध्ये कान महोत्सवात जाहीर झालं की ‘दृश्यम’ आता कोरियन भाषेत होणार. घेणं फिटलं, देणं सुरू झालं. कामत मात्र २०२०मध्येच गेले.

तेव्हापासून आमच्याकडच्या ‘दृश्यम’वेड्यांचा एकच वाद चाललाय. साळगावकर कुटुंब २ ऑक्टोबरला पणजीला सत्संगाला गेलं आणि ३ तारखेला पावभाजी खाल्ली, हे देशाला पाठ आहे. दर गांधी जयंतीला त्याची आठवण निघते. कोरियात गांधी जयंतीची सुट्टी नाही, मग कोरियन साळगावकर कुठल्या दिवशी घराबाहेर पडणार?

माझी थिअरी तयार आहे. मूळ मल्याळम चित्रपटात ही तारीख २ ऑगस्ट होती, हिंदीत येताना ती बदलली. म्हणजे तारीख बदलायला हरकत नाही हे सिद्ध आहे. आणि कोरियात ३ ऑक्टोबरला राष्ट्राच्या स्थापनेची सार्वजनिक सुट्टी असते. तेव्हा तारीख फक्त एक दिवस पुढे सरकेल, सत्संगाच्या जागी डोंगरावरचा बौद्ध मठ येईल, आणि पावभाजीच्या जागी रस्त्याकडेच्या गाडीवरचं लालभडक तिखट तोकबोक्की. डेअरीवर याला अजून मान्यता मिळालेली नाही. तिथला एक गट मठाला राजी आहे, पण त्यांच्या मते खाणं तिखट असून चालणार नाही. पोलीस चौकशीत चव विचारतील तेव्हा घरातली बारकी मुलगी ‘तिखट लागलं म्हणून मी खाल्लंच नाही’ असं खरं बोलून जाईल, आणि सगळं घर अडकेल.